राण्यांची आजी

माझ्या विहिणीला इंग्लंडच्या राजघराण्यातलं सगळं ठाऊक आहे. कोणत्या राजानं बाईपायी गादी सोडली, कोणत्या राणीनं नवरा गेल्यावर जन्मभर काळे कपडे घातले, कोण कोणाची चुलत बहीण लागते, सगळं. स्वतःच्या नणंदेच्या मुलांची नावं विचारली तर तिला विचार करावा लागतो. पुण्यात ती एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती, तिथल्या इंग्रजी पुस्तकांतून तिला हा नाद लागला. मी चौथीपर्यंत शिकले आणि मिरजेत चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले.

जर्मनीत बाड हॉम्बुर्गला माझ्या मुलाकडे आमच्या पाळ्या असतात. एकदा ती, एकदा मी. मागच्या वर्षी मात्र मुलानं आम्हा दोघींना मे महिन्यात एकदमच बोलावलं. दोघी असल्या की एकमेकींना सोबत होईल, असं त्याला वाटलं. पुरुषांना असं काहीतरी वाटत असतं.

नात तेव्हा तिसरीत होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. मी काही विचारलं की मान हलवायची आणि आपल्या खोलीत जायची. विहीण आली आणि हीच पोरगी तोडकं मोडकं का होईना, मराठी बोलायला लागली. कशासाठी, तर गोष्टींसाठी. विहिणीनं तिला एका छोट्या राजकन्येची गोष्ट सांगितली. तिची आई तिला जिनासुद्धा एकटीनं उतरू द्यायची नाही, कुणाचा तरी हात धरूनच उतरायचा, आणि पुढे ती मोठी राणी झाली. झालं! दुसऱ्या दिवसापासून नात तिन्ही मजले विहिणीचा हात धरून उतरायला लागली. मान ताठ, दुसऱ्या हातानं फ्रॉकचा घेर उचललेला. मी मागून कचऱ्याची पिशवी घेऊन. विहिणीला तिनं नाव ठेवलं, राण्यांची आजी. मी नुसती आजी.

मला राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. विहीण वाईट बाई असती तर बरं झालं असतं. ती भाजी चिरून ठेवायची, माझ्या गुडघ्याला तेल लावू का विचारायची. त्यामुळे तिच्यावर चिडायला कारण सापडेना आणि मी आणखी चिडायचे.

मग शाळेत रेफेराट निघालं. म्हणजे प्रत्येक मुलानं एक विषय घ्यायचा आणि वर्गासमोर उभं राहून बोलायचं. मुलाच्या गावात एक जुना राजवाडा आहे. इंग्लंडच्या एका राजाची मुलगी लग्न होऊन तिथे आली होती. नातीनं तोच विषय घेतला, आणखी कोणता घेणार. विहीण मोबाइलवर वाचून मराठीत सांगायची, नात ते जर्मनमध्ये लिहायची. मी शेजारी बसून शेंगा सोलायचे आणि ऐकायचे. बाप राजा, पण मुलींची लग्नंच होऊ देईना. हिचं झालं ते चाळिशी उलटल्यावर. नवरा मिळाला इथला, मिशाळ आणि अघळपघळ, सतत धूर काढणारा. पोरबाळ झालं नाही. पण ती इथे रमली, माहेरच्या पैशानं पडका वाडा नीट केला, बाग लावली.

एका रविवारी आम्ही सगळे तो राजवाडा बघायला गेलो. आत तिचं चित्र होतं. विहीण हात जोडल्यासारखी उभी राहिली. मी चित्राकडे बघितलं ते माझ्या सवयीनं.

"बेचाळीस," मी म्हटलं.

"काय बेचाळीस, आजी?" नातीनं चक्क मराठीत विचारलं.

"छाती. आणि कंबरही काही कमी नाही. म्हणून तर शिंप्यानं कंबर वर छातीखाली घेतलीय. तिथून खाली सगळा घेर सोडला की पोट कुठे आहे ते कळत नाही. हुशार होता मेला."

मी दोन्ही हातांनी हवेत तिचा घेर करून दाखवला. गालही फुगवले. नात फिसकन हसली. "डिक!" ती म्हणाली. जाडी. तिथली देखरेखीची बाई आमच्याकडे बघायला लागली.

"अहो विहीणबाई, राजकन्या आहे ती," विहीण हळूच म्हणाली.

"असेल. तरी ब्लाउज बेचाळीसच्या खाली बसायचा नाही."

घरी येताना नात माझ्याजवळून चालली. पण रात्री तिनं वही वाचून दाखवली त्यात जाडीचा शब्द नव्हता. "राण्यांची आजी म्हणाली, ते लिहायचं नाही," मुलानं मला समजावून सांगितलं.

रेफेराटच्या दिवशी प्रत्येक मुलानं घरचं एक माणूस आणायचं होतं. एकच, कारण वर्ग लहान. सून जेवताना म्हणाली, "आईला जाऊ दे ना, तयारी तिनंच करून घेतलीय."

नात लगेच म्हणाली, "गेनाऊ!" एवढं जर्मन मलाही येतं. अगदी बरोबर, असं.

मी हातातला घास खाली ठेवला. "मुलाची आई मी आहे," म्हटलं. "लग्नात पहिलं पान माझं मांडलं होतं, पाय माझे धुतले होते. इथे आल्यावर मी घर राखायचं का?"

मुलगा पाणी प्यायला. आणि विहीण म्हणाली, "खरंच आहे. मान तुमचाच. तुम्हीच जा, विहीणबाई."

तिनं भांडायला हवं होतं. सरळ सोडून दिलं. नात उठून आपल्या खोलीत गेली, ताटात वरणभात तसाच.

नंतर विहीण माझ्यापाशी आली. "मी पुढच्या खुर्चीत बसणार होते," ती म्हणाली. "ती अडली तर बोटं दाखवायची, असं आमचं ठरलंय. एक बोट म्हणजे बाप, दोन म्हणजे लग्न, तीन म्हणजे..."

"मला शिकवू नका," मी म्हटलं. "माझं मी बघेन."

शाळेत मी इरकल नेसून गेले आणि पुढच्याच खुर्चीत बसले. खुर्ची लहान मुलाची, गुडघे छातीला लागत होते. नातीची पाळी आली. सुरुवात चांगली झाली. मला एक शब्द कळत नव्हता, पण कापड सरळ चाललंय की तिरकं, ते न बघताही कळतं. मग ती थांबली. कागद हातात होता, पण बघायची परवानगी नव्हती. तिनं पुढच्या खुर्चीकडे, माझ्या हातांकडे बघितलं. वाट बघत होती. ओठ हलले. "आजी" म्हणाली, पण ते मला नव्हतं. त्याआधी "राण्यांची" होतं.

मला दोन म्हणजे लग्न एवढंच आठवलं, पण लग्न सांगून झालं होतं की नाही कुणाला ठाऊक. तिचे डोळे भरायला लागले. माझ्यामुळे ती तिथे तशी उभी होती.

मग माझे हात आपोआप उठले. मी हवेत तो घेर केला. गाल फुगवले. मग दोन बोटांनी कंबर वर छातीखाली नेऊन टाचणी लावली.

ती बघत राहिली. आणि फिसकन हसली. "डिक," ती म्हणाली, वर्ग हसला, आणि तिची गाडी सुटली. कंबर वर, घेर खाली, स्वतःच्या फ्रॉकवर दाखवत. त्यातून ती बागेपर्यंत पोचली, बागेतून शेवटापर्यंत. मध्येच माझ्याकडे बोट केलं आणि सगळ्या वर्गानं मान वळवून मला बघितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

शाळेचा जिना उतरताना तिनं माझा हात धरला. राजकन्येसारखा नाही. मला ओढायला. "कॉम, आजी, कॉम!" चल, चल. तिला घरी पोचायची घाई होती.

घरी विहीण दारातच उभी होती. नातीनं दप्तरही न उतरवता सगळं सांगितलं, हातवारे करून, गाल फुगवून. विहीण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग नात हात धुवायला गेली तेव्हा तिनं मला विचारलं, "अडली तेव्हा माझी आठवण काढली का हो तिनं?"

"नाही," मी म्हटलं, आणि चहा टाकायला गेले.