उलटा जोर

माझ्या रुंद खांद्यांबद्दल बोलायचा अधिकार मला सोडून सगळ्यांना होता. शिंपी ब्लाउजला जास्त कापड मागायचा, शेजारणी "पोरगी पैलवान निघाली" म्हणून फिदीफिदी हसायच्या, आणि मी चिडले की आई मलाच दटावायची.

खरा पैलवान म्हणे माझा थोरला भाऊ. तालमीतून तांबड्या मातीनं माखून यायचा, तेही वाटेत दुधाच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन. मला तालमीचा उंबरा बंद, कारण आत मारुती. एकदा स्वारी माजघरात मोठ्या मिजाशीत उलटा जोर मारायला गेली. हातांवर उलटं उभं राहायचं, टाचा भिंतीला टेकवायच्या, डोकं फरशीला लागेपर्यंत कोपरं वाकवायची आणि तसंच परत वर यायचं. तो खाली गेला आणि तिथंच कोसळला. मी हट्टाला पेटले. दार लावून रोज करत राहिले. आधी डोक्याखाली उशी ठेवायची, पुढं तीही काढली. पहिल्यांदा वर आले तेव्हा खांदे थरथरत होते आणि मला विलक्षण आनंद झाला. कुणाला सांगितलं नाही. शिव्याच मिळाल्या असत्या.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मी कॉलेजात असताना, बिद्रीकडचं स्थळ आलं. मुलगा कारकून, खाली मान घालून पोहे चिवडत बसलेला. बोलत होती ती त्याची आत्या. बाजारात म्हैस चाचपावी तसा तिनं माझा खांदा चाचपला.

"खांदं लई रुंद हायती की पोरीचं!"

आईनं लगेच थाप मारली. "घरचं सगळं पाणी हीच भरते ना! दोन दोन घागरी उचलते."

आमच्या घरात नळ होता.

"व्हय? मग झ्याक की! आमच्यात तीन म्हशी हायत्या. पाणी लांबनं आणाय लागतंय."

बाबा खुलले. आता हे जमणार, आणि जन्मभर माझ्या खांद्यावर घागरी येणार, हे मला स्वच्छ दिसलं. भीती वाटली आणि अंगाचा तिळपापडही झाला.

"पाणीबिणी नाही भरत मी," मी म्हणाले. "मी हे करते."

पदर कमरेला गुंडाळला, निऱ्या पायांमधून मागे घेऊन घट्ट खोचल्या, हात टेकले आणि पाय भिंतीवर टाकले. खाली गेले, वर आले. पुन्हा गेले. पाहुणे पोहे टाकून उठले. रात्री बाबांनी कॉलेज बंद करायची धमकी दिली. मला वाटलं, निदान ब्याद तरी टळली.

कसली टळते! आठवडा व्हायच्या आत मध्यस्थ दारात हजर.

"पोरगी पसंत हाय. अंगात ताकद हाय, कामाला वाघ हुईल म्हंत्यात. त्ये उलटं हूणं तेवढं बंद करा, म्हंजे झालं."

बाबा पंचांग शोधायला उठले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "काका, त्यांना सांगा, पाणी वाहायला एक रेडा घ्या."

ते चहा न घेता गेले, आणि स्थळही गेलं. आईनं माझ्या थोबाडीत दिली. ती चपराक मी केव्हाच विसरले. पण परक्यांपुढं माझे खांदे मांडताना तिला घागरीच सुचल्या, हे अजून विसरले नाही.