हेडक्लार्कबाईंचा उबदार दिवाणखाना

थंडी पडायला लागताच शाळेतल्या हेडक्लार्कबाईंनी घरचा दिवाणखाना उबदार करायला घेतला. सोफ्यावर लोकरी शाल, सहा मखमली उशा, पिवळे दिवे आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड गालिचा. धाकट्या जावेनं तोंड भरून कौतुक करावं, एवढ्यासाठी त्या पंधरा दिवस राबल्या. गालिचा मळू नये म्हणून आल्यागेल्या सगळ्यांना मागच्या दारानं यायचा हुकूम होता. शालीची घडी मोडली तर बाईंचा पारा चढे. त्यामुळे सारं घर स्वयंपाकघरात शेगडीभोवती दाटीवाटीनं बसे.

रविवारी जाऊ आली. हुकूम तिच्याही कानावर आलेला. ती मुकाट्यानं मागून शिरली आणि सासूबाईंशेजारी फतकल मारून बसली.

"अगं, बाहेर चल ना! काय काय केलंय बघ तरी," बाई म्हणाल्या.

"नको हो ताई, इथं छान ऊब आहे. तिकडं शाल चुरगळली, तर वर्षभर ऐकावं लागेल."

"लागेलच," सासूबाई म्हणाल्या. "काल मला सर्दी झाली, तर म्हणते, उशांकडं तोंड करून शिंकू नका."

निरुपायानं बाईंनी मोबाईलवरचा दिवाणखान्याचा फोटो जावेपुढं धरला. तिनं तो अगदी निरखून बघितला.

"छान मांडलंय हो! कुठंसं आहे हे दुकान?"

सासूबाईंनी पदराआड तोंड लपवलं, पण खांदे हलायचे ते हललेच.