झोफ्काच्या खिडकीखालचा ताटवा

आमच्या गावात झोफ्काच्या हातचं कुणी खात नाही. सहा वर्षं झाली. ईस्टरला ती पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेली गोड पावाची गुंडाळी भाजते, घरोघर देते. लोक तोंडभर आभार मानतात आणि कोंबड्यांना घालतात. मीही घालते. कोंबड्या ठणठणीत आहेत, पण संशय काही जात नाही.

तिचा नवरा ओझबोल्ट रानलसणीच्या पानांचं सूप पिऊन गेला. हृदय आधीच अधू. उरलेल्या सुपात डॉक्टरांना श्मार्नित्साची पानं सापडली. तिला घंटेसारखी पांढरी फुलं येईपर्यंत ती रानलसणीसारखीच दिसते, आणि मुळापासून फुलापर्यंत विषारी. तरी आम्ही हौसेने अंगणात लावतो. झोफ्काच्या परसात तर ताटवाच होता. सूप तिने रांधलं आणि स्वतः चमचाभरही घेतलं नाही. म्हणे लसूण सोसत नाही. पोलिसांनी 'चूक झाली' म्हणून कागद मिटवला, गावाने नाही.

बरं, दुसरी कुणी असती तर ताटवा उपटून जाळला असता. हिने तो परसातून काढून पुढे, रस्त्याकडच्या खिडकीखाली लावला. मे महिन्यात चर्चला जाताना सगळ्यांच्या नाकात त्या फुलांचा वास. "नवरा गिळला तरी हिचं पोट भरलं नाही," बेकरीवाली पोल्डा म्हणायची. मी हसायचे.

या एप्रिलात मी रानातून रानलसणीची टोपली भरून येत होते. झोफ्का कुंपणाशी खुरपत होती.

"नेझा, टोपली दाखव."

"का गं? तुझ्या बागेतलं काही चोरलंय का मी?"

तिने टोपली पुढ्यात ओढली. पानं चाळली आणि तीन वेगळी काढली.

"ही श्मार्नित्सा. एकाच देठातून दोन पानं, बघ. रानलसणीच्या प्रत्येक पानाला आपला देठ."

"शक्यच नाही. मी प्रत्येक पान चुरडून हुंगते."

"आता नुसती बोटं हुंग."

हुंगली. लसूणच. दहा पानं चुरडली की वास बोटांनाच लागतो. मग काहीही चुरडा, लसूणच येणार.

"कुठून खुडलीस?" तिने विचारलं.

"ओढ्याकाठी. नेहमीच्या जागी."

"नेहमीच्या जागी," ती हळूच म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी तिचा गुडघा सुजला होता, रानात जाववत नव्हतं. त्या दिवशी सुपासाठी तिच्या ओट्यावर रानलसणीची टोपली मी ठेवली होती.

"तुला ठाऊक होतं?"

"टोपलीच्या तळाशी श्मार्नित्साची चार पानं उरली होती. चुलीत घातली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी धाकटी अंगावर पीत होती तेव्हा. आणि ओझबोल्ट काही परत येणार नव्हता." ती पुन्हा खुरपायला लागली. "लोकांना बोट दाखवायला काहीतरी लागतं. ताटवा मागे दिसत नव्हता, म्हणून पुढे लावला."

मला स्वतःची किळस आली.

"पोतित्सा कशी झाली होती यंदा?" तिने विचारलं.

"कोंबड्यांना घातली."

"माहीत आहे. अजून एक तुकडा आहे घरात."

मी तिच्या नळावर हात धुतले आणि तो तुकडा रस्त्याकडे तोंड करून, उभ्यानेच खायला लागले. समोरून पोल्डा येत होती. ती माझ्या हातातल्या पोतित्साकडे बघत राहिली.

"पोल्डा," मी म्हणाले, "त्या दिवशीची टोपली माझी होती."