कोल्ह्याचे डोके शाबूत हवे होते

मंगळवार, १३ फेब्रुवारी १९९०. सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. मी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होतो, म्हणून वेळ पक्की आठवते. गोठ्यातून धाकट्या भावाचा आवाज आला. त्यात शब्द नव्हते.

आमचे घर पनवेलजवळच्या विचुंब्यात. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन मी गावी परतलो होतो. शेती आणि जनावरे भाऊ पाहत असे.

गोठ्याच्या दारात कोल्हा भावाच्या उजव्या मनगटाला धरून लोंबत होता. भाऊ डाव्या हाताने कोयत्याची मूठ त्याच्या जबड्यात खुपसत होता. कोपऱ्यात शेळी पडली होती. तिचा गळा फाटला होता आणि पाय अजून हलत होते. मी दाराचा अडसर काढून कोल्ह्याच्या पाठीवर घातला. पाठ वाकली, जबडा सुटला नाही. पुन्हा घातला. अखेर मूठ आत शिरली. दात निघाले, त्यांच्याबरोबर मनगटाचे कातडेही निघाले. कोल्हा खाली पडला, उठला, आणि आमच्याकडे न पाहता मान खाली घालून वालाच्या शेतात चालत गेला. पळाला नाही. त्याचा खालचा जबडा लोंबत होता आणि लाळेची तार जमिनीला टेकत होती.

निरोगी कोल्हा माणसाच्या अंगावर येत नाही. मार खाल्ल्यावर चालत तर मुळीच जात नाही.

भावाला विहिरीवर नेले. कपड्यांच्या साबणाने जखम आतपर्यंत घासली आणि वरून पाणी ओतत राहिलो. हाडाचा पांढरा भाग दिसत होता. तो मला शिव्या देत होता. त्याची बायको जखमेत भरायला मिरचीची पूड घेऊन आली. मी वाटी तिच्या हातातून काढून फेकून दिली.

माझ्या लहानपणी गावात एक माणूस कुत्रे चावून मेला. त्याला खाटेला बांधले होते. पाण्याचा तांब्या नुसता दारातून दिसला तरी त्याचा गळा आवळत असे. शेवटच्या दिवशी त्याने स्वतःची जीभ चावून तोडली. आम्ही मुलांनी ते खिडकीतून पाहिले. भाऊ तेव्हा जन्मला नव्हता.

टेम्पोने पनवेलला दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते. जखम पाहून त्यांनी लगेच सांगितले, "चौदा इंजेक्शनं. रोज एक, पोटात. आजपासून."

"मी नाय घेनार," भाऊ म्हणाला.

"काका, समजवा यांना."

"काकांना काय सांगता? माज्या मेवन्याला ह्याच सुया दिल्या व्हत्या. त्याला चावलेला कुत्रा चांगला निगाला. अजून गल्लीत हिंडतो. मेवना मातर बसून सरकतो. कमरंखाली काय नाय ऱ्हायला त्याला."

डॉक्टर म्हणाले, "होतं तसं. फार क्वचित. मी नाही म्हणणार नाही. पण रोग झाला तर एकही वाचत नाही."

"कोल्हा पिसालला व्हता कशावरनं?"

"तो प्राणी मारून डोकं मुंबईला पाठवलं तर मेंदू तपासून सांगतात. पण हेड इंटॅक्ट पाहिजे. कवटी फुटली की संपलं. आणि हे बघा, रिपोर्ट येईपर्यंत थांबा असं मी म्हणत नाहीये."

भावाने पुढचे ऐकले नाही. तो टेबलावरून उतरला. "दादा, डोकं आना. पिसालला निगाला तर घेतो सुया. तुमची शपत." बांधलेला हात छातीशी धरून तो बाहेर जाऊन टेम्पोत बसला.

मी त्याच्याशी वाद घातला नाही. तो शपथ मोडणारा माणूस नव्हता. डोके आणले तर तो सुया घेणार होता.

निवडणूक जवळ आली होती. त्यामुळे तालुक्यातल्या परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा होत्या, माझ्या तिन्ही धरून. ठाण्यातला हवालदार ओळखीचा होता. "काय काका, उभे राहताय की काय? आत्ताच हत्यार लागलं?" मी काय झाले ते सांगितले. तो उठून साहेबांकडे गेला. साहेबांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि म्हणाले, "एकच न्या. तिन्ही देणार नाही. अंधार पडायच्या आत परत."

कपाट उघडले. तिन्ही बंदुका शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि मला त्यांतली एक निवडायची होती.

परवान्यावर शिकार चालत असे त्या काळी या निवडीवर आम्हा शिकारी मित्रांत तासन्‌तास वाद होत. तीनशे पंधराची रायफल मी भेकरासाठी घेतली होती. भेकर लहान हरीण, वजन शेळीइतके. मऊ टोकाची ती गोळी खांद्याला बसली तर पुढचा पाय हाडासकट लगदा होई; मांस वाया जाई, पण जनावर उभ्या जागी पडे. दुनळी बारा बोअर कोल्ह्यासाठी. मोठ्या छऱ्यांचे काडतूस तीस पावलांवर परातीएवढ्या जागेत पसरते आणि पळता कोल्हाही लोळवते. बावीसची रायफल खोकडासाठी. खोकड कोल्ह्याहून लहान. कातड्याला मसुरीएवढे भोक पडे, बस. बावीसने भेकर मारू नये. आमच्यातल्या एकाने मारले होते. ते कर्नाळ्याच्या बाजूच्या जंगलात शिरले आणि दुसऱ्या दिवशी सापडले तेव्हा मुंग्यांनी डोळे खाल्ले होते, पण पोट अजून वरखाली होत होते. त्या माणसाला मी पुन्हा बरोबर नेले नाही.

आता हिशेब निराळा होता. बारा बोअरचे दोन-तीन छरे मानेत आणि डोक्यात जाणारच. ती बाद. तीनशे पंधराने छातीवर मारले असते तर कोल्हा जागीच मेला असता आणि डोके शाबूत राहिले असते. जनावरापुरते पाहिले तर तीच योग्य होती. पण ती गोळी कोल्ह्याच्या अंगात थांबत नाही. पलीकडे वालाच्या शेंगा तोडणाऱ्या बायका होत्या, त्यापलीकडे नव्या इमारतींच्या पायाभरणीवर काम करणारे मजूर, आणि त्याहीपलीकडे न्हावा शेव्याच्या बंदराला जाणाऱ्या ट्रकांचा रस्ता. शिवाय पिसाळलेले जनावर म्हटल्यावर सारा गाव कडे करून उभा राहणार, हे मला ठाऊक होते.

उरली बावीस. म्हणजे फार जवळ जायचे, आणि जनावर सावकाश मरणार. अंगावर येत येत मरणार.

"बावीस?" हवालदार म्हणाला. "काका, त्यानं चिमणी मरेल."

"जवळून मारीन," मी म्हणालो आणि सही केली.

मासळी बाजारातून बर्फ घेतला, तेलाच्या रिकाम्या डब्यात भरला आणि वर गोणपाट बांधले. डोके त्यातून मुंबईला जायचे होते.

विचुंब्याला पोहोचलो तेव्हा कोल्ह्याचा ठावठिकाणा लागला होता. नदीकडच्या बांधाखाली, कोरड्या चरात तो पडून होता. बांधावर माणसे काठ्या, कोयते, पहारी घेऊन उभी होती. मी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "डोक्याला कोणी हात लावायचा नाही. डोके अख्खे पाहिजे. ते फुटले तर माझ्या भावाचा जीव जाईल." टेम्पोतून उतरलेला भाऊ तिथेच उभा होता. त्याची पिवळी कुत्री पायांशी होती. तिला बांध म्हणालो. त्याने दोरी डाव्या हाताला गुंडाळली.

"दादा, शेली मेली. ती पन पुरनार?" शेजारच्याने विचारले.

"हो."

"मटान हाय ते."

"खायचे असेल तर आधी तू खा," मी म्हणालो. लोक हसले. तो मागे सरला.

मी चरात उतरलो. कोल्ह्याने डोके वर केले. त्याच्या नजरेत ओळख किंवा भीती काहीच नव्हते. जबड्याला माती चिकटली होती. तो आडवा उभा राहीपर्यंत मी थांबलो आणि पंधराएक पावलांवरून खांद्यामागे गोळी घातली.

गोळी बसली. कोल्ह्याने मान वळवून स्वतःचीच बरगडी चावली, कातडे ओरबाडून काढले आणि मग माझ्याकडे निघाला. मी बोल्ट मागेपुढे करून दुसरी गोळी छातीत घातली. तोंडाला गुलाबी फेस आला, म्हणजे फुप्फुस फुटले होते. तरी तो येत होता. तिसरी घालणार तोच बांधावरून कुत्री सुटली. तिने दोरी भावाच्या हातातून ओढून घेतली होती.

दोघे चरात लोळले. कुत्रीने त्याचा गळा धरला, त्याने तिचे थोबाड धरले. मला नेम धरता येत नव्हता. कुत्री किंचाळत होती, पण सोडत नव्हती. कोल्ह्याचे मागचे पाय ढिले पडू लागले होते. क्षणभराचे काम राहिले होते.

"थांबा," मी ओरडलो, "तो मरतो आहे, थांबा."

भाऊ बांधावरून उडी मारून उतरला. शेजाऱ्याच्या हातातली पहार त्याने हिसकावली होती. जखमी हातानेच ती उचलून त्याने कोल्ह्याच्या डोक्यात घातली.

"डोके सोड! अरे, डोके सोड!"

त्याने दुसरा घाव घातला. मग तिसरा. पट्टी सुटून त्याचे रक्त पहारीवरून ओघळत होते. मी त्याच्या कमरेला मिठी मारून ओढले. त्याने कोपर माझ्या तोंडावर मारले आणि माझा एक दात हलला. तो थांबला तेव्हा त्या जागी कवटी नव्हती. माती, केस आणि मेंदू एक झाले होते.

त्याने ते कुत्रीसाठी केले की सुया टाळण्यासाठी, हे मी तेव्हा विचारले नाही. पुढच्या अनेक वर्षांत आम्ही एकाच ताटात जेवलो, तरी विचारले नाही.

कुत्रीचा ओठ फाटून हिरड्या उघड्या पडल्या होत्या. ती शेपूट हलवत त्याच्याकडे येत होती.

"तिला हात लावू नको," मी म्हणालो.

"दादा, तिला नको. मी बांधून ठेवतो. दादा—"

मी रायफल तिच्या कानामागे टेकवली आणि चाप ओढला. तिच्यावर बावीस पुरेशी होती.

भाऊ चरात बसला. मग म्हणाला, "आता डोकंच नाय. काय पाठवनार मुंबईला? जावा, बर्फ परत करा."

"डोके नाही, म्हणजे पिसाळलेला होता असेच धरायचे. टेम्पोत बस."

"मी डोक्याची शपत घेतली व्हती. डोकं नाय, शपत नाय." तो उठला आणि नदीकडे चालू लागला.

मी रायफल रिकामी केली, मागून गेलो आणि दस्ता त्याच्या गुडघ्यामागे घातला. तो तोंडावर पडला. त्याने वळून माती माझ्या डोळ्यांत फेकली. मी दुसऱ्यांदा मांडीवर मारले. लोक बांधावरून पाहत होते. सख्ख्या भावांच्या मारामारीत पडायला कोणी तयार नव्हते. तेवढ्यात त्याची बायको खाली आली. तिच्या हातात गोठ्यातले दावे होते.

"बांधा," ती लोकांना म्हणाली. "बगता काय? बांधा त्याला."

"तुज्या भावाचं काय झालं ते इसरलीस?" तो ओरडला.

"नाय इसरली. माजा भाऊ पांगला हाय, पन जेवतो. तुजे पाय गेले तर मी उचलीन." ती त्याच्या पायांवर बसली.

मग चौघे जण पुढे आले. हात पाठीमागे बांधले, जखमेवर दोरी येऊ दिली नाही. टेम्पोत तो सारा रस्ता आम्हाला शिव्या देत होता. खांदा कॉलनीच्या वळणावर त्याला उलटी झाली. मी त्याचे तोंड माझ्या उपरण्याने पुसले.

डॉक्टरांनी बांधलेला माणूस पाहिला. "पेशंटची संमती?"

"माझी," मी म्हणालो.

"माजी पन," त्याची बायको म्हणाली.

डॉक्टरांनी भावाकडे पाहिले. भावाने भिंतीकडे तोंड केले. नाही मात्र म्हणाला नाही. मी दोरी सोडली आणि त्याचे खांदे धरले. ती त्याचे पाय धरून बसली. सुई पोटात गेली. त्याने माझा अंगठा इतका वाकवला की सांधा निखळला. तो डॉक्टरांनीच जागेवर बसवला.

रायफल ठाण्यात जमा केली. हवालदाराने माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहत नोंदवही पुढे केली. गावी येऊन कोल्हा, शेळी आणि कुत्री एकाच खड्ड्यात घातली, वर चुन्याची गोणी ओतली. पहार विस्तवात घालून लाल केली. ज्यांचे हात लाळेला लागले असतील त्या सर्वांना साबणाने हात धुवायला लावले आणि उद्या दवाखान्यात चला म्हणून बजावले.

भाऊ जेवला नाही. आपल्या खोलीत जाताना म्हणाला, "रात्री मी निगून जाईन. तेरा सुया हायेत अजून. रोज बांधनार का?"

"हो," मी म्हणालो.

टेम्पोवाल्याला सकाळी सातला यायला सांगितले. मग भावाच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि माझी खाट आणून दाराला आडवी लावली.