निकालाच्या दिवशीचा अर्ज

‘मॅडमच्या मातोश्री माझ्या ऑफिसची फरशी पुसायच्या. मॅडमना वकील मीच केलं. आज निकाल माझ्या बाजूनं लागला तर लोक काय म्हणतील? हा दावा दुसऱ्या कोर्टात पाठवावा, एवढीच विनंती.’

भरलेलं कोर्ट. निकालाचा दिवस. मी न्यायाधीशाच्या खुर्चीवर. आणि बोलत होते माझे सर, नाशिकचे बडे वकील. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

खोटं काहीच नव्हतं. आई फरशी पुसायची. मी त्यांच्याच हाताखाली वकिली शिकले. आमच्या वस्तीतून न्यायाधीश झालेली मी पहिली बाई. गावोगाव बदल्या होऊन नाशिकला परत आले, तेव्हा आधी जाऊन सरांच्या पाया पडले. देव मानायचे त्यांना. हा दावा माझ्याकडे आला तेव्हा पहिल्याच तारखेला मी दोन्ही बाजूंना हे नातं सांगून टाकलं होतं. सर म्हणाले होते, ‘काहीच हरकत नाही.’

मग आजच का?

समोर सायखेड्याची म्हातारी उभी होती. बापाच्या जमिनीत हिस्सा मागत होती. सर तिच्या भावांचे वकील. दावा दुसरीकडे गेला की पुन्हा तारखांवर तारखा. तेवढं आयुष्य तिच्याकडे उरलं नव्हतं, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

आणि मला आठवलं. ऑफिसात सर एकदा म्हणाले होते, ‘जज पैसे खात नसेल ना, तर त्याच्या अब्रूला हात घालायचा. आपणहून बाजूला होतो.’ आम्ही सगळे ज्युनियर खो खो हसलो होतो. मीही.

माझ्या आईचे कष्ट या माणसानं डाव म्हणून वापरले. देवानं.

मी म्हातारीला विचारलं, ‘तुमची काही हरकत?’

‘नाय बाई. तुमी पहिल्या तारखेलाच सांगितलं व्हतं ना. लय वर्षं झाली. आता निकाल द्या.’

अर्ज फेटाळला. सरांचं प्रत्येक वाक्य, आईच्या फरशीसकट, कोर्टाच्या रोजनाम्यात लिहून घेतलं. मग निकाल वाचला. म्हातारीचा हिस्सा म्हातारीला.

कागद आवरताना सर मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, ‘शेवटी जात दाखवलीसच.’

आता बार रूममध्ये मला कृतघ्न म्हणतात. म्हणोत. ज्याला माझ्यावरचे उपकार वसूल करायचे असतील, त्यानं माझ्यावर रीतसर दावा लावावा. मी प्रतिवादी म्हणून समोर उभी राहीन. पण मी खुर्चीवर असताना ही वसुली होणार नाही. कुणाचीच नाही. सरांची तर नाहीच नाही.