साडूंचा खेकडा

फोन आला तेव्हा मी साताऱ्यात आमच्या नेहमीच्या न्हाव्याच्या खुर्चीत होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता. तासगावच्या दिनकररावांचा मुलगा बोलत होता, "काका, पप्पा गेले." छातीत कळ आली, सांगलीच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच... न्हावी वस्तरा बाजूला धरून थांबला. कोण गेलं म्हणून त्यानं विचारलं, मी म्हटलं, साडू. "मग होऊ द्या की पुरी. साडूचं सुतक न्हाई धरत," तो समजुतीनं म्हणाला. बरोबर होतं त्याचं. साडू या नात्याला आपल्याकडे ना मान ना पान. दोन बहिणींनी दोन घरी संसार मांडले म्हणून दोन परक्या पुरुषांनी एकमेकांना सहन करायचं, एवढाच तो संबंध. मी तसाच अर्ध्या दाढीनं उठलो. सुतक नसेल, पण दिनकररावांइतकं माझ्याशी आयुष्यात कुणी भांडलं नाही, आणि त्यांच्याइतका जीवही मी फार थोड्यांना लावला. आता महिना होत आला, तरी भांडणाचा एखादा मुद्दा सुचला की हात फोनकडे जातो.

दिनकरराव म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे यजमान. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. मी डेपोच्या वर्कशॉपात बसगाड्यांचे गिअरबॉक्स उघडण्यात जन्म काढलेला, त्यामुळे कुठलंही यंत्र आपल्याला कळतंच असा माझा ग्रह, आणि पाव्हण्यांना काही कळत नाही असा त्यांचा. जेवायला बसलो की पहिल्या भाकरीपासून जुंपायची. आमच्या दोघी बायका आम्हाला वाढून स्वयंपाकघरात निघून जायच्या आणि आतून हसायच्या. राग दिनकररावांना चटकन यायचा आणि चटकन उतरायचाही, आणि उतरला की दुसऱ्याला बेदाणे खायला लावायचे. मुठीनं, नको म्हटलं तरी.

एका हंगामात ते शेडमधल्या बेदाण्याच्या रॅकवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळी घातली, हाड जुळलं, पण पाय काही पूर्वीचा झाला नाही. काठी घेऊन अंगणात फिरत, पण बाग होती ओढ्यापलीकडे माळावर, चढाला. मोटारसायकलवर पाय टाकता येईना आणि द्राक्षाच्या ओळीत दुसरी गाडी शिरेना. मुलगा पुण्यात नोकरीला. तो गुणी पोरगा, बापाच्या काळजीनंच म्हणाला की बाग खंडानं कुणाला कसायला देऊ आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चला. दिनकररावांनी आठवडा जाऊ दिला. मग त्यांनी त्याला सांगितलं, "ऑक्टोबरच्या छाटणीपतुर माझा मी बागंत गेलो तर ठीक. न्हाईतर दे खंडानं, मी काय बोलायचा न्हाई." बोललेला शब्द फिरवणारा माणूस नव्हता तो.

त्यांना जरा हवापालट म्हणून मी पाचगणीला घेऊन गेलो. तिथं पठारावर पर्यटकांची पोरं ती चार जाड चाकांची, हँडलची उघडी गाडी घेऊन खड्ड्याखळग्यांतून उडत होती. एटीव्ही म्हणतात तिला. आम्ही मक्याची कणसं खात कडेला बसलो होतो. दिनकररावांचं कणीस हातातच राहिलं. म्हणाले, "पाव्हणं, हिची रुंदी बघा. माझ्या दोन ओळींतनं ही आरामात जाईल." मी हसलो, म्हटलं, ही मोठ्या माणसाची खेळणी आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठले, काठी टेकत चौकशी करत गेले आणि बशीरभाई नावाच्या माणसाला हुडकून काढलं. पर्यटनातून निवृत्त झालेल्या गाड्या दुरुस्त करून विकणं हा बशीरभाईंचा धंदा. त्यांनी एक लाल रंगाची गाडी दाखवली. दिनकरराव बाजूनं बूड टेकवून वर बसले, पाय आत ओढून घेतला आणि समोरचा चढ एका दमात चढून गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पुढं हरकत घेववेना.

गाडी टेम्पोतून तासगावला पोचली. गल्लीतल्या पोरांनी बघताक्षणी तिचं नाव खेकडा ठेवलं. आणि दोनच दिवसांनी दिनकररावांचा फोन, आवाज तापलेला. खेकडा सपाटीला कसाबसा सरकतो, पण ओढ्याचा चढ आला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही. "फशिवलं आपल्याला त्या बशीरभाईनं. आणि तुमी संगं हुता, इंजिनियर." मी इंजिनियर नव्हतो आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. बशीरभाईंना त्यांनी फोनवर जे जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. तो बिचारा एवढंच म्हणत राहिला, "दादा, तुमीच चढावर नेली ना? तवा चढली का न्हाई?"

मी गेलो. अंगणात खेकडा उभा होता, नुकता न्हाऊमाखू घातल्यासारखा चकचकीत. मी चालवून पाहिला आणि निदान करून टाकलं की गिअरबॉक्स गेला. तेल काढून परातीत ओतलं. तेल स्वच्छ, लोखंडाचा एक कण नाही. आतले दाते झिजले असते तर चुरा आला असता. तरी मी हटलो नाही, लिव्हरचा दांडा तपासला, तोही जागच्या जागी. मग चाकं विटांवर उचलली. अधांतरी चाकं पुढच्या गिअरला पुढं, रिव्हर्सला मागं, बिनतक्रार फिरत होती. विटा काढून जमिनीवर टेकवलं आणि दिनकरराव बसले, की पुन्हा इंजिनाचा आरडाओरडा आणि चाकं ढिम्म. म्हणजे गिअर धड होते, इंजिन धड होतं, जोर मधेच कुठंतरी सांडत होता. "मधी काय हाय?" दिनकररावांनी विचारलं. मधे असतो पट्टा, दोन पुलींवर फिरणारा. बसगाड्यांना असला पट्टा नसतो, म्हणून मी तिकडं वळतच नव्हतो. झाकण काढलं. पट्टा कोरा करकरीत, ना फाटलेला ना झिजलेला. आता मात्र मी खाली बसलो. छाटणी तोंडावर आली होती. दिनकरराव भांडलेही नाहीत. मला तेच जास्त लागलं.

सुमन चहा घेऊन आली. कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "दाजी, टेम्पोतनं उतरला तवा तर फळीवरनं उलटा चढवून बघितला की ह्यांनी. चढला हुता चांगला. धुतल्यावर बिघडला." मी विचारलं, कशानं धुतला? दिनकरराव अभिमानानं म्हणाले, "फवारणीच्या पंपानं. पाचगणीचा लाल चिखुल हुता, निघंना. मग डिपिंगचं तेल हुतं शिल्लक, ते घातलं पाण्यात. द्राक्षावरचा मेणचट थर काढतंय ते, तितं चिखलाचं काय घिऊन बसलाय." बेदाणा करायच्या आधी द्राक्षं ज्या तेलाच्या पाण्यात बुचकळतात, ते हे तेल. मी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी वास घेतला. माझ्याकडे पाहिलं, सुमनकडे पाहिलं. पंपाच्या जोरदार फवाऱ्यानं ते पाणी पट्टा गार ठेवणाऱ्या हवेच्या नळीतून थेट पट्ट्यावर गेलं होतं आणि दोन्ही पुली तुपात घोळल्यासारख्या झाल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. दिनकररावांचे खांदे हलायला लागले आणि मग ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "सातारकर, ह्याचा बी बेदाणा झाला गड्या," म्हणाले. मला गड्या त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.

पुली मी पेट्रोलच्या फडक्यानं पुसल्या. पट्टा सुमननं भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात तीनतीनदा धुतला आणि शेडमध्ये रॅकच्या जाळीवर वाळत घातला, सावलीत, कारण उन्हात घातला तर बेदाण्यासारखा रंग उतरतो असं दिनकररावांनी गंभीरपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी खेकडा ओढा उतरला, पलीकडचा चढ चढला आणि दिनकरराव बागेच्या तोंडाशी जाऊन थांबले. आम्ही मागून चालत पोचेपर्यंत ते पहिल्या ओळीत शिरले होते, बसल्या जागेवरून काडी हातात धरून तिच्यावरचे डोळे, म्हणजे फुटीच्या गाठी, मोजत होते. बशीरभाईंना फोन करून त्यांनी माफी मागितली आणि बेदाण्याची पेटी धाडली. पुढं नवा पट्टा बशीरभाईंनीच स्वतः येऊन बसवला आणि जेवून गेले. त्यानंतर दिनकररावांनी स्वतःच्या हिमतीवर तीन हंगाम काढले. पायाचं दुखणं होतंच, पण त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "चार चाकं हायत की मला." तीन हंगाम थोडे की पुष्कळ, मला सांगता येत नाही. पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून काढलेल्या दहा वर्षांपेक्षा पुष्कळ, असं मी स्वतःला बजावतो, आणि ते मला पटतंही.

दिवसकार्य झाल्यावर खंडाचा विषय पुन्हा निघाला. निघणारच. आई एकटी, छाटणी जवळ आलेली, मुलाची रजा संपलेली. सुमन हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आम्ही साताऱ्याला परतलो. ही वाटेत रडत होती, बहिणीची बाग गेली म्हणून.

परवा सकाळी सुमनचा फोन आला. "दाजी, ह्यो खेकडा फुडं जाईना." मला वाटलं कुणी गडी चालवत असेल, म्हटलं, त्याला फोन दे. म्हणाली, "मीच बसलीया. आठ-धा दिस झालं, शेडच्या आवारात शिकतीया. कुणाला सांगू नगा." मी विचारलं, इंजिन ओरडतंय का? "न्हाई, नुस्तं चालू हाय." जळका वास? "न्हाई." मग लिव्हर मधेच राहिला असणार. ब्रेक पायानं दाबून धर आणि लिव्हर पार शेवटपर्यंत ओढ, मी सांगितलं. एवढी घाई कसली, सावकाश कर, असंही म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "घाई हाय. खंडानं घेणारा मानूस आलाय बाग बघायला. त्यो चालत फुडं गेलाय. मला त्याच्या आदी पोचायचंय." कट्ट असा आवाज आला. बसला गिअर. फोन तिनं बंद केला नाही, बहुधा कमरेला खोचला. मी स्वयंपाकघरात जाऊन हिला हाताला धरून बाहेर आणलं आणि फोन दोघांच्या मधे धरला. खेकडा ओढ्यात उतरला, पाण्याचा आवाज झाला, मग चढ लागला. मी कान लावून होतो. इंजिन बोंबललं नाही. खालच्या आवाजात ओढत राहिलं, ओढत राहिलं, आणि वर गेल्यावर मोकळं झालं. बराच वेळ नुसती पाखरं. मग कुणाची तरी पावलं, आणि धाप लागलेल्या पुरुषाचा आवाज, आणि त्यावर सुमनचा, अगदी स्वच्छ... "या पाव्हणं, बसा जरा, दमला असाल. बाग न्हाई द्यायची. छाटायची हाय."