मोहाचं यीस्ट आणि वितळलेला बर्फ

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. घरीसुद्धा नाही. ज्यांच्या हाताखाली मी संशोधन शिकले त्या रामटेके मॅडम गेल्या, त्यांच्या शोकसभेत मी बोलले — आणि तिथेही नेमकं हेच गाळलं.

आधी त्या काय शिकवायच्या ते सांगते. साखर पेशीत आपोआप शिरत नाही. पेशीचं आवरण तेलकट. साखर पाण्यात रमणारी. मग आवरणात बसलेलं एक प्रथिन बाहेरच्या बाजूने उघडतं, साखरेचा रेणू धरतं, बाहेरून मिटतं, आत उघडतं. दोन्हीकडून एकदम कधीच नाही. मॅडम हे दोन तळहातांनी करून दाखवायच्या. दरवर्षी तेच, तरी हातात काहीतरी नाजूक धरल्यासारखे अलगद. "पाहून राहिली ना, पोट्टी? कोणी ढकलत नाही तिले. दारच कूस बदलते." इतकं सुंदर मला नंतर कुणी काही समजावलं नाही.

त्यांचा अगदी स्वतःचा असा एकच अंदाज होता. मोहाच्या गळलेल्या फुलांवरचं यीस्ट त्यांनी वाढवलं होतं. ते साध्या यीस्टपेक्षा भराभर साखर ओढतं, असं त्यांना वाटायचं. पण मोजायचं कसं? पेशींना पचवता न येणारी, किरणोत्सर्गी खूण केलेली साखर काही क्षण द्यायची, आणि लगेच बर्फगार द्रावणाने पेशी धुवायच्या. थंडीने दारं जागच्या जागी थांबतात. आत किती साखर अडकली ते यंत्र सांगतं. द्रावण कोमट असेल तर दारं चालूच राहतात — आत गेलेली साखर धुताधुता निघून जाते.

मे महिना होता. प्रयोग मी करत होते. साधं यीस्ट धुतलं तोवर बर्फ होता. मोहाच्या यीस्टची पाळी येईतो त्याचं पाणी झालं होतं. खाली जाऊन बर्फ आणायचा, एवढंच. ऊन होतं. मला कंटाळा आला. तसंच धुतलं. याहून मोठं कारण मी किती वेळा शोधलं असेल? नाही सापडत.

आकडे कमी आले. मॅडमनी एकच विचारलं, "बर्फ होता ना?"

"हव, मॅडम."

त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग हसल्या. "मंग काय. आपल्याच यीस्टनं आपल्याले हाणलं."

खूण केलेली साखर संपली होती. पुन्हा मागवायची खटपट त्यांनी केली नाही — माझ्या शब्दावर. अंदाज सोडून दिला, आणि वर्गात स्वतःची फजिती सांगत राहिल्या: आकडा बोलला की आपण ऐकायचं. शोकसभेत मी त्यांच्या मोठेपणाची हीच गोष्ट सांगितली. लोकांनी डोळे पुसले.

पण हे अजून सगळं नाही.

नवा रायपूरमध्ये माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली, तेव्हा मी तो प्रयोग पुन्हा केला. बर्फाची बादली पायाशी ठेवून. मोहाचं यीस्ट कितीतरी पुढे होतं. मॅडमचा अंदाज बरोबर होता.

तेव्हा त्या हयात होत्या — जवळच रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरी. मी त्याच आठवड्यात त्यांच्याकडे गेले, चहा घेतला. निघताना त्यांनी विचारलं, "सध्या काय मोजून राहिली?"

"काही खास नाही, मॅडम," मी म्हटलं.